ग्रँड कॅन्यनवरील हेलिकॉप्टर सफर : कोणता काठ, कोणता मार्ग, कोणते यंत्र हे जाहिरातीत छापा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या सहलींच्या जाहिराती आपल्या दैनिकात दिवाळी सरताच दिसू लागतात, आणि त्यांतील बहुतेकींत लास व्हेगासच्या मुक्कामाखाली एक ओळ हमखास असते : 'ग्रँड कॅन्यन, हेलिकॉप्टर सफर ऐच्छिक, शुल्क वेगळे.' या एका ओळीविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. तिच्यावर विसंबून माणशी पंचवीस ते पन्नास हजार रुपयांच्या घरातील रक्कम मोजणाऱ्या अनेकांना आपण दरीच्या नेमक्या कोणत्या भागावरून उडणार आहोत, हे हेलिकॉप्टरात बसेपर्यंत ठाऊक नसते. मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे आणि मुलगा ॲरिझोनात नोकरीस असल्यामुळे ही दरी काठावरून आणि हवेतून अशी दोन्ही प्रकारे पाहण्याचा योग मला आला. तेथे भेटलेल्या मराठी मंडळींशी झालेल्या बोलण्यातून माझे मत असे बनले की, जाहिरातीत काठाचे नाव, उड्डाणाचा मार्ग आणि हेलिकॉप्टरचा प्रकार या तीन गोष्टी छापल्या गेल्याच पाहिजेत, आणि त्या छापलेल्या नसतील तर पैसे भरण्यापूर्वी ग्राहकाने त्या लेखी मागून घेतल्या पाहिजेत.

प्रथम काठाविषयी. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब आहे. तिची रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटरपर्यंत जाते आणि खोली दीड किलोमीटरहून अधिक भरते. दक्षिण काठ आणि उत्तर काठ ही प्रसिद्ध ठिकाणे १९१९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात येतात. 'ग्रँड कॅन्यन वेस्ट' या नावाने विकला जाणारा पश्चिम काठ मात्र उद्यानाच्या हद्दीत मोडत नाही. तो हुआलापाय या तेथील मूळ रहिवासी जमातीच्या राखीव भूमीत आहे आणि त्याची व्यवस्था ती जमातच पाहते. लास व्हेगासहून पश्चिम काठ सुमारे २०० किलोमीटर, म्हणजे मोटारीने दोन-सव्वादोन तासांवर आहे. दक्षिण काठ ४५० किलोमीटर, म्हणजे साडेचार तासांवर. सकाळी निघून रात्री मुक्कामाला परत यायचे, या हिशेबाने सहल कंपन्या पश्चिम काठ निवडतात, आणि त्यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. दोष आहे तो पुस्तिकेत दक्षिण काठाचे छायाचित्र छापून प्रत्यक्षात पश्चिम काठाला नेण्यात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने पश्चिम काठावर उभे राहून पुस्तिकेतील छायाचित्र मार्गदर्शकाला दाखवले, तेव्हा ती जागा नदीच्या प्रवाहाने अडीचशे किलोमीटरहून अधिक वरच्या अंगाला असून रस्त्याने चार-पाच तासांच्या अंतरावर आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. अजिंठ्याचे चित्र दाखवून वेरूळला उतरवण्यासारखाच हा प्रकार आहे. वेरूळचे मोल त्याने कमी होत नाही, पण प्रवाशाने पैसे अजिंठ्यासाठी मोजलेले असतात.

हा फरक निव्वळ नावाचा असता, तर मी आपली जागा अडवली नसती. दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंच आहे आणि तेथून जे दिसते, ते पृथ्वीच्या इतिहासाचे एवढे सलग उघडे पडलेले पान आहे की, त्याला तोड मी तरी पाहिलेली नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा; कॅन्यनच्या काठावर ज्या फिकट चुनखडीवर आपण उभे राहतो, तो तेथील सर्वांत वरचा आणि म्हणून सर्वांत तरुण थरसुद्धा सुमारे २७ कोटी वर्षांचा आहे. त्याच्या खाली वाळवंटातील वाळूच्या टेकड्यांपासून बनलेला वालुकाश्म आहे आणि त्यातील तिरप्या रेषा पाहून त्या काळी वारा कोणत्या दिशेने वाहत होता, हे आजही सांगता येते. आणखी खाली 'रेडवॉल' नावाची उभी, तांबडी भिंत लागते. तिचा मूळ दगड राखाडी आहे. वरच्या थरांतील लोहयुक्त पाणी शतकानुशतके तिच्या अंगावरून ओघळल्याने तिला तो रंग चढला आहे. सगळ्यांत तळाशी, नदीच्या काठाने, काळपट चकाकणारा रूपांतरित खडक दिसतो. तो सुमारे १७० कोटी वर्षांचा असून त्याला भूशास्त्रात 'विष्णू शिस्ट' म्हणतात. क्लॅरेन्स डटन या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास येथील शिखरांना पौर्वात्य देवदेवतांची नावे देण्याची प्रथा पाडली. नकाशावर विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल ही नावे वाचताना मराठी माणसाला क्षणभर आपण परक्या मुलखात नाही असे वाटते. त्या काळ्या खडकावर अनेक ठिकाणी थेट सुमारे ५० कोटी वर्षांचा वालुकाश्म टेकलेला आहे, म्हणजे मधल्या जवळजवळ १२० कोटी वर्षांची नोंदच तेथून पुसली गेली आहे. विद्यार्थ्यांना ही विसंगती फळ्यावर आखून दाखवताना मला कधीच समाधान वाटले नव्हते. काठावर उभे राहून ती बोटाने दाखवता येते.

पश्चिम काठावर दरी सुमारे १२०० मीटर खोल आहे, रुंदीला कमी आहे आणि विष्णू, शिव, ब्रह्मा ही शिखरे तेथे नाहीत. तेथे वेगळ्या गोष्टी आहेत : २००७ साली खुला झालेला, कड्याच्या बाहेर २१ मीटर झेपावणारा काचेचा नालाकृती मार्ग आहे, ग्वानो पॉइंट नावाच्या सोंडेवर वटवाघळांच्या विष्ठेचे खत पलीकडच्या गुहेतून ओढून आणणाऱ्या तारमार्गाचे गंजलेले अवशेष आहेत, आणि हेलिकॉप्टरने दरीच्या तळाशी उतरण्याची सोय आहे, जी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत कोणत्याही पर्यटक हेलिकॉप्टरला नाही. हुआलापाय लोकांच्या हाती चरितार्थाची साधने थोडी आहेत आणि पर्यटन हे त्यांतील मुख्य आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. पश्चिम काठ कमी प्रतीचा आहे असे मी म्हणत नाही. ती दुसरी जागा आहे आणि तिचे नाव घेऊनच ती विकली गेली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता उड्डाणाच्या मार्गाविषयी, कारण निवड खरी येथे करावी लागते. दक्षिण काठाजवळच्या टुसायान या गावातील विमानतळावरून मुख्यतः दोन प्रकारच्या हेलिकॉप्टर फेऱ्या निघतात. एक पंचवीस-तीस मिनिटांची असते. ती 'ड्रॅगन' नावाच्या ठरवून दिलेल्या हवाई मार्गिकेतून दरी ओलांडून उत्तर काठाच्या अंगाला जाते आणि परत फिरते. दुसरी पंचेचाळीस-पन्नास मिनिटांची असते. ती आधी पूर्वेकडे जाते, लिटल कोलोरॅडो नदी जेथे कोलोरॅडोला मिळते त्या बाजूने दरी ओलांडते, उत्तरेकडील कायबाब पठाराच्या जंगलावरून वळते आणि ड्रॅगन मार्गिकेतूनच परत येते. विमानतळ काठापासून दहा-अकरा किलोमीटर आत असल्यामुळे दोन्ही फेऱ्यांत जाताना आणि येताना पाइनच्या जंगलावरून उडावे लागते आणि छोट्या फेरीत हा वेळ फार जाणवतो : जंगल संपते, पायाखालची जमीन एकाएकी नाहीशी होते, श्वास रोखला जातो, आणि नजर जरा स्थिरावते न स्थिरावते तोच परतीचे वळण येते. माझे स्पष्ट मत असे आहे की, दक्षिण काठावरून उडायचेच असेल तर पैसे साठवून लांब फेरी घ्यावी. नद्यांचा संगम, पूर्वेकडील रंगीत वाळवंटाचा सपाट विस्तार आणि त्या सपाटीत अचानक सुरू होणारी दरी, ही रचना जमिनीवरून कधीच एका नजरेत येत नाही. ती हवेतूनच कळते आणि तेच हेलिकॉप्टरचे खरे देणे आहे. २०२५ च्या जुलैत उत्तर काठावर विजेमुळे लागलेल्या वणव्याने तेथील जुने विश्रामगृह आणि फार मोठे जंगल जळून गेले, हेही या मार्गाने जाणाऱ्यांनी आधी माहीत करून घ्यावे.

येथे एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात यावी. काठावरच्या प्रसिद्ध गावावरून, ब्राइट एंजल या पायवाटेवरून आणि तिच्या दोन्ही अंगांच्या मोठ्या भागावरून पर्यटक विमाने व हेलिकॉप्टरे उडवण्यास बंदी आहे. काठाच्या पातळीखाली उतरण्यासही उद्यानात मनाई आहे. शिवाय ड्रॅगन आणि पूर्वेकडील झूनी या दोन हवाई मार्गिका मे ते सप्टेंबर सकाळी ८ ते सायंकाळी ६ आणि उरलेल्या महिन्यांत सकाळी ९ ते सायंकाळी ५ एवढ्याच वेळात खुल्या असतात. यावरून जाहिरात पारखण्याची एक सोपी खूण मिळते. ज्या जाहिरातीत 'दरीच्या आत उतरणारे हेलिकॉप्टर', 'तळाशी शॅम्पेन' किंवा 'सूर्यास्ताची सफर' असे शब्द असतील, ती सफर राष्ट्रीय उद्यानातील असण्याचा संभव फारच कमी; ती बहुधा लास व्हेगास किंवा बोल्डर सिटीहून निघून हूवर धरण आणि मीड जलाशयावरून पश्चिम काठाला जाणारी असते. जाण्यास अर्धा ते पाऊण तास आणि येण्यास तेवढाच वेळ हवेत जातो, त्यामुळे तिची किंमतही चढी असते. ज्यांना जलाशय, धरण आणि दरीचा तळ पाहायचा आहे, त्यांनी ती जरूर घ्यावी. ज्यांच्या मनात शिखरांची, थरांची, पाठ्यपुस्तकातील ती दरी आहे, त्यांची मात्र त्या सफरीने निराशा होईल.

हे निर्बंध कोणाच्या लहरीने आलेले नाहीत. ३० जून १९५६ रोजी दोन मोठी प्रवासी विमाने या दरीच्या पूर्व भागावर एकमेकांवर आदळली आणि १२८ जण दगावले. प्रवाशांना दरीचे दृश्य नीट दाखवण्याच्या प्रयत्नात वैमानिकांचे लक्ष विचलित झाले असावे, ही शक्यता तेव्हाच्या चौकशीत नोंदवली गेली होती. अमेरिकेची आजची नागरी उड्डाण यंत्रणा १९५८ साली उभी राहिली, त्यामागे या अपघाताचा मोठा वाटा आहे. पुढे १८ जून १९८६ रोजी पर्यटकांना घेऊन फिरणारे एक छोटे विमान आणि एक हेलिकॉप्टर दरीवर उडताना एकमेकांवर धडकले आणि दोहोंतील सर्व २५ जण मृत्यू पावले. त्याच्या पुढल्याच वर्षी राष्ट्रीय उद्यानांवरील उड्डाणांचा कायदा झाला, मार्गिका आणि उड्डाणमुक्त क्षेत्रे आखली गेली आणि पुढे फेऱ्यांच्या वार्षिक संख्येवरही मर्यादा आली. हुआलापाय भूमीशी निगडित फेऱ्यांना त्या संख्यामर्यादेतून सूट आहे, आणि म्हणूनच पश्चिमेकडे हेलिकॉप्टरांची ये-जा इतकी दाट आहे की, नदीतून नावेने जाणारे लोक त्या पट्ट्याला हेलिकॉप्टरांची गल्ली म्हणतात.

यंत्राविषयी मी अधिक आग्रहाने लिहितो, कारण या बाबतीत आपले प्रवासी काहीच विचारत नाहीत. १० फेब्रुवारी २०१८ रोजी पश्चिम काठाखाली, क्वार्टरमास्टर नावाच्या उपदरीत, तळाशी उतरत असलेले एक पर्यटक हेलिकॉप्टर कोसळले. त्यात वैमानिक आणि सहा ब्रिटिश पर्यटक होते; तिघे जागीच दगावले, दोघे नंतर रुग्णालयात दगावले आणि वैमानिकासह दोघे गंभीर भाजलेल्या अवस्थेत वाचले. उतरताना मागून येणारा वारा आणि दरीतील खाली दाबणारे प्रवाह यांमुळे यंत्रावरील ताबा सुटला, असे तपासात दिसले. पण मृत्यूंचे मोठे कारण आदळण्यानंतर लागलेली आग हे होते. त्या हेलिकॉप्टरला आघात सोसणारी इंधनटाकी बसवलेली नव्हती. अशा टाकीची सक्ती अमेरिकेत १९९४ पासून होती, पण ती त्यानंतर नव्याने प्रमाणित होणाऱ्या आराखड्यांनाच लागू होती; आधी प्रमाणित झालेल्या आराखड्यांची आणि त्यांच्या सुधारित आवृत्त्यांची हेलिकॉप्टरे जुन्या टाक्यांनिशीच वर्षानुवर्षे बनत राहिली. २०१८ च्या कायद्याने एप्रिल २०२० नंतर बनणाऱ्या प्रत्येक नव्या हेलिकॉप्टरला ही टाकी सक्तीची केली. त्याआधी बनलेल्यांना मात्र सक्ती नाही. त्यांत नवी टाकी बसवून घेता येते आणि हेलिकॉप्टर चालवणाऱ्या काही कंपन्यांनी, म्हणजे चालकांनी, ती बसवूनही घेतली आहे. म्हणून 'आपल्या हेलिकॉप्टरला आघातरोधक इंधनटाकी आहे काय?' हा एक प्रश्न प्रत्येक प्रवाशाने विचारावा. ज्याच्याकडे ती आहे, तो चालक हे उत्तर आनंदाने आणि लगेच देतो.

वैमानिकाकडून थराराची अपेक्षा करणेही थांबले पाहिजे. २००३ च्या सप्टेंबरात पश्चिम काठाकडेच एक हेलिकॉप्टर कड्याला घासून कोसळले आणि सातही जण मृत्युमुखी पडले. वैमानिकाने सुरक्षित उड्डाणाच्या रीती धुडकावून कड्याच्या अतिशय जवळून यंत्र नेले, असा निष्कर्ष तपासयंत्रणेने काढला. 'आमच्या पायलटने काय झोकदार वळण घेतले' असे कौतुकाने सांगणारे चित्रफितींखालचे अभिप्राय वाचून जे चालकाची निवड करतात, त्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा. ज्या फेरीबद्दल लोक 'अगदी संथ होती' अशी तक्रार करतात, ती मी आधी पसंत करीन.

हवामान आणि वेळ यांचा संबंध सुरक्षिततेशी आहे तसाच तो दिसण्याशीही आहे. टुसायानचा विमानतळ सुमारे २००० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा सहाशे-साडेसहाशे मीटर अधिक उंच आहे. उंचीवर हवा मुळात विरळ असते आणि उन्हाळ्याच्या दुपारी तापून ती आणखी विरळ होते. पंख्याला धरायला हवा कमी पडली की यंत्राची उचलण्याची ताकद घटते. मार्च ते मे या महिन्यांत वारे जोराचे असतात. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तेथेही पावसाळी वारे येतात आणि दुपारनंतर गडगडाटी ढग जमतात. या सर्व कारणांनी सकाळची पहिली किंवा दुसरी फेरी सर्वांत चांगली. त्या वेळी हवा शांत असते आणि कलता प्रकाश दरीतील उंचसखलपणा उठावदार करतो. डोक्यावर सूर्य आला की तीच दरी सपाट, पांढुरकी दिसते. लास व्हेगासहून सकाळी निघणारी सहल दुपारीच काठावर पोहोचते आणि तिच्या वेळापत्रकात दुसरा दिवस नसतो, ही तिची सर्वांत मोठी उणीव आहे. 'आज वारा आहे, उद्या या' असे सांगण्याची मोकळीक चालकाला राहत नाही आणि 'एवढ्या लांबून आलो, आता काहीही करून न्या' असा आग्रह प्रवासीच धरू लागतात. हा आग्रह किती महागात पडू शकतो, हे सांगायला अमेरिकेत जाण्याची गरज नाही. १५ जून २०२५ रोजी केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर खराब हवामानात गौरीकुंडाजवळ कोसळून सात जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील एक दांपत्य आणि त्यांची चिमुकली मुलगी होती. तेथे यात्रा होती, येथे पर्यटन आहे. पण डोंगरातला वारा आणि ढग दोहोंत फरक करत नाहीत. उड्डाण रद्द झाल्यास पूर्ण पैसे परत मिळतील काय आणि दुसऱ्या दिवशीची फेरी मिळेल काय, हे सहल कंपनीने पावतीवरच लिहून दिले, तर हा दबाव पुष्कळ कमी होईल.

आसनांविषयीही दोन शब्द लिहितो, कारण कुटुंबांत त्यावरून विनाकारण रुसवेफुगवे होतात. नोंदणीच्या खिडकीशी जमिनीत बसवलेला वजनकाटा असतो. प्रत्येकाला बॅगेसह त्यावर उभे राहावे लागते आणि त्या आकड्यांवरून कोण कोठे बसणार हे ठरते. यंत्राचा तोल राखण्यासाठी ते अटळ असल्याने पती-पत्नी शेजारी बसतीलच असे नाही आणि पुढचे आसन मागून मिळत नाही. साधारण १३६ किलोंपेक्षा अधिक वजनाच्या प्रवाशाला सहसा जादा शुल्क पडते. तेथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या हेलिकॉप्टरात वैमानिकाशेजारी दोन आणि मागे एका ओळीत चार आसने असतात. मागच्या चौघांपैकी मधल्या दोघांना बाजूचे दृश्य शेजाऱ्याच्या खांद्यापलीकडूनच पाहावे लागते, जरी समोरची काच मोठी असली तरी. पांढरा किंवा भडक शर्ट घातला की त्याचे प्रतिबिंब काचेवर पडते आणि सगळ्या छायाचित्रांत आपणच अवतरतो, म्हणून गडद कपडे घालावेत. ज्यांना प्रत्येकासाठी खिडकी हवी आहे आणि खर्चही आटोक्यात ठेवायचा आहे, त्यांनी टुसायानहूनच निघणाऱ्या छोट्या विमानाचा विचार करावा. त्याचे पंख छपराच्या पातळीवर असल्यामुळे खाली पाहण्यास अडथळा येत नाही, खिडक्या मुद्दाम मोठ्या केलेल्या असतात आणि फेरी पाऊण तासाच्या आसपास असते. सहलींच्या जाहिरातींत या पर्यायाचे नाव मी कधीच वाचलेले नाही, हे मला खटकते.

आवाजाच्या प्रश्नावर मी तटस्थ राहू शकत नाही. ही दरी जगातील अत्यंत शांत जागांपैकी एक आहे. काठाखाली थोडे उतरून गेले की, कावळ्याच्या पंखांची फडफडसुद्धा स्पष्ट ऐकू येते. १९८७ च्या कायद्याने ही नैसर्गिक शांतता पुन्हा प्रस्थापित करणे हे उद्दिष्ट ठरवले, आणि उद्यानाच्या निम्म्या किंवा अधिक भागात दिवसाचा किमान तीन-चतुर्थांश वेळ विमानाचा आवाज ऐकू येऊ नये, अशी त्याची व्याख्या पुढे केली गेली. हेलिकॉप्टरात बसलेल्या सहा जणांच्या अर्ध्या तासासाठी पायवाटांवरील शेकडो लोकांची शांतता मोडते, हे बसणाऱ्याने मनाशी मान्य केले पाहिजे. ज्यांच्या शेपटीचा पंखा उघडा नसून वेष्टनात बसवलेला असतो, अशी हेलिकॉप्टरे तुलनेने पुष्कळ कमी आवाज करतात. निवड करता येत असेल तर अशाच यंत्राची फेरी घ्यावी, मग तिला थोडे अधिक पैसे पडले तरी चालतील.

एवढे लिहूनही हेलिकॉप्टरने जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. माझ्या पत्नीचे गुडघे पायवाट उतरू देत नाहीत आणि काठावरच्या कठड्याशी फार वेळ उभे राहणेही तिला जमत नाही. तिच्यासारख्या कितीतरी ज्येष्ठांना ही दरी आतून आणि वरून समजण्याचा दुसरा मार्ग नाही. लांब फेरीत संगमावरून जाताना तिने माझा हात धरून खाली दाखवले. एका प्रवाहाचा निळसर रंग आणि दुसऱ्याचा हिरवा रंग काही अंतरापर्यंत वेगळे वाहत होते. तशी रेषा नेहमीच दिसत नाही. पाऊस झाला की दोन्ही नद्या गढूळ होतात. पण ती दिसण्याची शक्यता कोणत्या फेरीत आहे आणि कोणत्या फेरीत मुळीच नाही, हे आधी कळणे हा पैसे मोजणाऱ्याचा हक्क आहे. धडधाकट तरुणांना मात्र माझे सांगणे वेगळे आहे : त्यांनी त्याच रकमेत दक्षिण काठावर एक मुक्काम वाढवावा, सूर्योदय काठावर पाहावा, आणि सोबत भरपूर पाणी घेऊन ब्राइट एंजल किंवा साउथ कायबाब पायवाटेने परत चढता येईल एवढेच खाली उतरावे. खडकाचे थर हाताने चाचपत जाण्याचा आनंद हवेतून मिळत नाही.

आपल्या दैनिकाकडे माझी विनंती अशी की, ग्रँड कॅन्यनचा उल्लेख असलेली सहलीची जाहिरात स्वीकारताना कंपनीकडून पुढील मजकूर मागून घ्यावा आणि तो ठळक छापावा : सहल दक्षिण काठाला जाते की पश्चिम काठाला, हेलिकॉप्टर कोठून उडते, कोणत्या मार्गाने जाते आणि प्रत्यक्ष दरीवर किती वेळ असते, यंत्र कोणत्या प्रकारचे आहे आणि त्याला आघातरोधक इंधनटाकी आहे किंवा नाही, हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास पैसे किती दिवसांत परत मिळतात. सोबतचे छायाचित्र ज्या काठाला सहल जाणार आहे, त्याच काठाचे असावे. पर्यटन पुरवणीतील लेखकांनीही 'आम्ही ग्रँड कॅन्यन पाहिले' असे लिहिताना काठाचे नाव घालावे, कारण आपले वाचक पुढल्या वर्षीची नोंदणी बहुतेक वेळा अशा लेखांवरूनच करतात. मे महिन्याच्या सहलींची नोंदणी जानेवारीत जोरात सुरू होते. हे बदल त्याआधी झाले, तर या वर्षी जाणाऱ्यांनाही त्यांचा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूशास्त्र प्राध्यापक,
नाशिक